शून्याभोवतीचं कुंपण

पोंक्षे सर फळ्यावरची चूक कधी पुसत नसत. गणित उतरवताना त्यांचं किंवा आमचं काही चुकलं, तर त्यांचा हात डस्टरकडे जात नसे. ते त्या ओळीभोवती खडूने चारी बाजूंनी रेघ ओढत आणि खाली नव्याने सुरुवात करत. म्हणत, "कुंपण घाला तिला. पुसलेली चूक गुपचूप परत येते. डोळ्यांसमोर राहिली की तिला यायला वाट सापडत नाही." तास संपेपर्यंत फळा अशा लहानमोठ्या कुंपणांनी भरून जाई. त्याच खोलीत पुढचा तास घेणारे इतिहासाचे प्राध्यापक दारातूनच ओरडत, "पोंक्षे, तुमची वावरं आवरा आता!" सर ओशाळं हसत, कोटाच्या बाहीने नाकावरचा खडू पुसत आणि छत्री उचलून निघून जात.

वर्गात त्यांनी घातलेलं शेवटचं कुंपण मात्र कुणी पुसलं नाही. कॉलेज बंद राहिलं तितके महिने ते फळ्यावर होतं. कॉलेज उघडल्यावर शिपायाने ओला फडका आणला, तेव्हा आम्ही त्याला थांबवलं. उन्हाळ्यात फळ्याला नवा काळा रंग दिला तेव्हाच ते गेलं.

मी साताऱ्याहून सांगलीला मामांकडे राहून शिकत होते. युद्धाची वर्षं होती. बी.ए.ला गणित घेणारे आम्ही तिघंच होतो, आणि मुलगी मी एकटी. पहिल्या दिवशी सरांनी मला विचारलं, "कुठल्या?"

"साताऱ्याची."

"गणित का घेतलंत?"

"आवडतं म्हणून."

सरांनी खडू उचलला. "हे कारण नव्हे," ते म्हणाले, "पण पुरेल. बसा, सातारकर."

तेव्हापासून मी सातारकर झाले. माझं आडनाव त्यांना हजेरीपुरतं लागे. दुसरा होता जाधव, कराडजवळच्या गावचा. त्याचे दोन्ही थोरले भाऊ फौजेत होते, आणि पहिली सहामाही संपायच्या आत तोही भरती होऊन गेला. तिसरा रसूल तांबोळी. हळदीच्या पेठेमागच्या बोळात त्याचं घर होतं. वडील मिरजेकडच्या पानमळ्यांतून विड्याची पानं आणून विकत. रसूल सकाळी पानांच्या करंड्या पोचवून सायकलने कॉलेजात येई. त्याच्या वह्यांना ओल्या पानांचा वास असे. गणितात तो माझ्यापेक्षा हुशार होता, आणि गंभीर बसणं त्याला जमत नसे.

सुरुवातीलाच सरांनी अनंत श्रेणी शिकवायला घेतल्या. एक, अधिक अर्धा, अधिक एकतृतीयांश, अधिक एकचतुर्थांश, अशी ती प्रसिद्ध श्रेणी त्यांनी फळ्यावर मांडली. पदं लहान लहान होत शून्याकडे जातात, पण बेरीज कुठेच थांबत नाही. कितीही मोठी संख्या सांगा, ती बेरीज तिला मागे टाकून पुढे जाते. सिद्धता झाली. सर आमच्याकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "पद शून्याकडे जातंय म्हणून निश्चिंत होऊ नका. बेरीज वाढतेच आहे."

रसूल म्हणाला, "आमच्या आईचं बोलणं असंच हाय, सर. आवाज बारीक बारीक हुतो, पर थांबत न्हाई."

सर मनापासून हसले. हसले की त्यांना ठसका लागे, आणि मग ते डोळे पुसत उभे राहत.

कॉलेज गावापासून लांब माळावर होतं आणि सरांचं बिऱ्हाडही जवळच होतं. लग्न त्यांनी केलं नव्हतं. त्यांच्याहून बऱ्याच मोठ्या, लहानपणीच विधवा झालेल्या त्यांच्या बहीण घर सांभाळत. आम्ही सगळे त्यांना अक्का म्हणत असू. त्या सरांना 'बापू' म्हणत आणि त्यांच्यावर सतत रागावलेल्या असत. सर शर्टाची बटणं खालीवर लावत, जेवताना भातावर बोटाने काहीतरी लिहीत. अक्का म्हणत, "ताटातलं आधी पोटात जाऊ दे रे बापू, मग त्याचं गणित घाल." रविवारी आम्हाला सणासुदीसारखं खायला मिळे. रसूल अक्कांच्या पूजेसाठी निवडलेली पानं घेऊन येई. सुरुवातीला त्या त्याला ओसरीवरच बसवत. सरांनी एकदा सहज विचारलं, "अक्का, तांबोळ्याची पानं देवापर्यंत जातात. तांबोळ्याचा मुलगा ओसरीवर का अडतो?" पुढच्या रविवारी रसूलचा पाट माजघरात होता आणि अक्का त्याला वाढताना रोजच्यासारख्याच रागावलेल्या होत्या.

त्याच सुमाराला संख्याशास्त्राचा पेपर अभ्यासक्रमात नवा आला होता. तो शिकवायला दुसरं कुणी नव्हतं. सर स्वतः भूमितीतले. हा विषय ते कॉलेजात कधी शिकले नव्हते. विलायतेहून पुस्तकं यायची बंद झाली होती. पुण्याहून कुणाकडून तरी आणलेली एकच प्रत रसूल आणि मी आळीपाळीने वाचत होतो. सरही आमच्या रांगेत. पण त्यांनी तो विषय असा उचलला की जणू त्याचीच वाट बघत होते. त्यातली त्यांची एक गोष्ट मला तोंडपाठ आहे, कारण ती त्यांनी अनेकदा सांगितली. "आकडा दारात आला की लगेच पाट मांडू नका. आधी उंबऱ्यावर थांबवा. विचारा, बाबा रे, तू कुठून आलास? तुला पाठवलं कुणी? आणि येताना वाटेत कुणाकुणाला मागे सोडून आलास?"

हे ते सांगत. आणि तेच ते विसरले.

त्या वर्षी दिवाळी झाली आणि गुळाच्या वखारींतून उंदीर पडायला लागले. आमच्या भागातल्या जुन्या माणसांना या दोन शब्दांचा अर्थ समजावून सांगावा लागत नसे. उंदीर झिंगल्यासारखा उजेडात येई, भिंतीला धरून गोल फिरे आणि जागेवर पडे. मग काही दिवसांनी माणसांना ताप येई आणि काखेत किंवा जांघेत गाठ. तेव्हा गाव उठे. घरांना कुलपं लागत आणि माणसं गावाबाहेर माळावर झोपड्या घालून राहत. टोचण्या सुरू झाल्या, पण लस सगळ्यांना पुरली नाही. पुढची येईल म्हणून सांगत होते. पेठा ओस पडल्या. कृष्णेच्या घाटावर कुत्र्यांशिवाय कुणी दिसेना. मी मामांबरोबर माळावर राहायला आले, रसूलचं कुटुंब मिरज रस्त्याच्या बाजूला झोपडीत गेलं. त्याची धाकटी बहीण जैनब हिचं लग्न ठरलेलं होतं, ते पुढं ढकललं. त्याची आजी झोपडीत रोज एकच प्रश्न विचारी, "पोरीचं लगीन माझ्या दारात बघायचंय. घरला कवा जायाचं?"

बाजाराच्या तोंडाशी प्लेगची चौकी होती. कुणाच्या घरात उंदीर पडला, तर तो चिमट्याने डब्यात टाकून तिथे आणून द्यायचा. बाहेर एक काळी फळी टांगलेली असे. रोज किती उंदीर आले, तो आकडा तिच्यावर खडूने लिहीत. सरांना कुणीतरी हे सांगितलं, आणि ते रोज माळावरून चालत येऊन तो आकडा उतरवून घ्यायला लागले. अक्का चिडल्या. "मेलेले उंदीर मोजायला जातोस? देवाने बुद्धी दिली ती यासाठी?" सर म्हणाले, "मी मोजत नाही गं. मोजलेले आणतो."

आमच्या वर्गात उजव्या बाजूच्या फळ्यावर त्या आकड्यांचा वक्र वाढत गेला. आधी चढला, मग चढ मंदावला, मग तो माथ्यावर आला आणि उतरू लागला. पुस्तकातल्या पद्धतीने सरांनी त्या ठिपक्यांमधून एक रेषा बसवली. काय देखणी बसली होती! ठिपके तिच्या अंगाला अंग लावून चालले होते. सर मागे सरकून, मान वाकडी करून तिच्याकडे बघत. उसन्या पुस्तकातून शिकलेला विषय समोर जिवंत झाला होता. त्या दिवसांत मला सर तरुण दिसायचे.

चौकीपाशी माणसं जमलेली असत. झोपड्यांना, थंडीला, रॉकेलच्या रांगांना कंटाळलेली. त्यांनी एकदा सरांना विचारलं, "मास्तर, तुमचं गणित काय म्हणतंय?" सरांनी छत्रीच्या टोकाने मातीत वक्र काढला आणि समजावून सांगितलं की हा असा उतरत जाईल, आणि महिनाअखेरीला आकडा शून्यावर येईल.

आणि तो आला. एक-दोन दिवस आधीच आला. चौकीच्या फळीवर मोठं वाटोळं शून्य लिहिलेलं मी स्वतः पाहिलं. दुसऱ्या दिवशी शून्य, तिसऱ्या दिवशीही शून्य. गावात सरांचं नाव झालं. एरवी त्यांना ओळखत नसलेली माणसं रस्त्यात थांबून हात जोडायला लागली. त्याच आठवड्यात रसूलचे वडील टोपी हातात घेऊन कॉलेजच्या पायरीशी आले. उंच, सावकाश बोलणारा माणूस. म्हणाले, "सर, लोक म्हणत्यात तुमी सांगितलं तसंच झालं. सरकारी माणसं उद्या सांगतील, परवा सांगतील. त्यांचं मला कळत न्हाई. रसूल तुमचं सांगणं मानतो. घरला जाऊ काय?"

सर त्यांच्याकडे बघून हसले आणि म्हणाले, "जा."

हा एकच शब्द. मी तिथे उभी होते. रसूलने वडिलांच्या मागून मला डोळा मिचकावून खुणावलं की आता लग्नाचं जेवण. त्या आठवड्यात बोळातल्या इतर घरांचीही कुलपं उघडली. सर 'जा' म्हणाले, हे झोपडी-झोपडीत पोचलं होतं.

त्यानंतरच्या सोमवारचा तास होता. हवेत थंडी होती. रसूल उशिरा आला. घरात लग्नाची साफसफाई चालली होती. सर आनंदात होते. फळ्यावरच्या वक्राचं शेवटचं टोक शून्याच्या रेषेला टेकलेलं होतं आणि त्याच्याविषयी ते काही सांगत होते. बोलता बोलता त्यांनी रसूलला विचारलं, "काय तांबोळी, तुमच्या बोळातून शेवटचा उंदीर कुणी नेऊन दिला?"

रसूल हसला. "आमच्या बोळातनं कोन देतंय, सर? एक दिला की चौकीची माणसं येत्यात, कौलं काढत्यात, जमीन उकरून औषध वत्यात. आठ दिवस घर उघडं. सुरवातीला दिलं, मग कोन द्यायला बसलंय! परसात खड्डा काढायचा की झालं."

सरांच्या हातातला खडू फळ्यावर टेकलेला होता. तो तसाच राहिला. "मग अजून पडताहेत?"

"न्हाई, न्हाई. आता पडत न्हाईत. आता उंदीर उरलाच न्हाई, सर. शेजारच्या यंकप्पाचं मांजर उपाशी मरायला लागलंय." हे त्याने विनोदाने सांगितलं आणि हसण्यासाठी माझ्याकडे बघितलं.

मी हसले नाही, कारण मी सरांकडे बघत होते. ते फळ्याकडे तोंड करून उभे होते. कोटाची पाठ अगदी स्थिर होती. त्यांनी कुणालाच नव्हे असा प्रश्न विचारला.

"उंदीर संपले. मग पिसवा कुठे गेल्या?"

रसूलच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरताना मी पाहिलं. पिसवा उंदरावर जगतात, हे तर शाळेतल्या पोरालाही ठाऊक होतं. उंदीर मेला की त्या त्याला सोडतात आणि दुसरं ऊबदार अंग शोधतात. दुसरा उंदीरच नसेल, तर घरात कोण उरतं? आणि घरं रिकामी असतील, तर ठीक. पण घरं आता रिकामी नव्हती.

"सातारकर," सर म्हणाले, "मी काय गृहीत धरलं होतं?"

तासाला विचारत तसंच त्यांनी विचारलं होतं.

"उंदीर कमी आले म्हणजे रोग कमी झाला, असं."

"आणि?"

"पडलेले सगळे उंदीर चौकीवर आले, असं."

"बरोबर," ते म्हणाले. त्यांनी खडू घेतला आणि त्या सबंध वक्राभोवती, चढापासून शून्यापर्यंत, एक मोठं कुंपण घातलं. खडू मध्येच मोडला. उरलेल्या तुकड्याने त्यांनी ते पुरं केलं. मग म्हणाले, "तांबोळी, जूनमधली ती श्रेणी आठवते ना? पदं लहान होत जाणारी? चला, मला तुमच्या घरी न्या." घंटा व्हायच्या आधी ते वर्गातून बाहेर पडले. असं त्यांनी आधी कधी केलं नव्हतं.

वाटेत ते चौकीपाशी थांबले. रसूल आणि मी सायकल धरून मागे उभे होतो. फळीवर शून्य होतं. सरांनी खिशातला खडू काढून त्याच्याभोवती कुंपण घातलं. आत बसलेला कारकून बाहेर आला.

"काय हो सर, शून्य वाईट दिसतंय काय?"

"हे शून्य चुकीचं आहे. लोकांना सांगा, घरात जाऊ नका. गेलेत त्यांना बाहेर काढा."

"आं? तुमचंच न्हवं का हे शून्य? तुमीच सांगितलेलं."

"माझंच आहे, म्हणून तर आलो."

भोवती उभी असलेली माणसं हसली. एक जण दुसऱ्याला म्हणाला, "गड्या, प्रोफेसरानं शून्याला दावं बांधलं बघ, पळून जाईल म्हणून." कारकून वाईट माणूस नव्हता. त्याने सरांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सांगितलं की वरून हुकूम आल्याशिवाय त्याला काही करता येत नाही. मग ओल्या फडक्याने फळी पुसून त्याने पुन्हा स्वच्छ शून्य काढलं. सरांनी पुन्हा त्याच्याभोवती कुंपण घातलं. या वेळी कुणी हसलं नाही.

मला त्यांनी बोळाच्या तोंडाशीच थांबवलं. म्हणाले, "तुम्ही पुढे यायचं नाही. अक्काला घेऊन उद्याच्या उद्या साताऱ्याला जा. ती माझं ऐकणार नाही, तुमचं ऐकेल."

"आणि तुम्ही, सर?"

"माळावर बसून मी यांना आत पाठवलं, सातारकर. 'जा' म्हणायला माझं काय गेलं? आता 'चला' म्हणायला आत जायला हवं." मग छत्री काखेत मारून ते बोळात शिरले. दुपारची वेळ होती. दोन्ही बाजूंच्या भिंती नव्याने सारवलेल्या होत्या, एका दाराला आंब्याचं तोरण होतं. रसूलची सायकल त्यांच्यामागे टिकटिक करत गेली. माझ्या डोळ्यांसमोर सर आहेत ते असे, पाठमोरे.

कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या मोटारीने मी अक्कांना घेऊन साताऱ्याला निघाले. कराडला मोटार थांबली तेव्हा शेजारच्या बाईने विचारलं, "कुठनं आलासा?" अक्का म्हणाल्या, "सांगलीहून." ती बाई उठली आणि लेकरू उचलून मागच्या बाकावर गेली. मग हळूहळू आमच्या आजूबाजूची सगळीच जागा मोकळी झाली. पुढच्या सबंध प्रवासात आम्ही दोघी ऐसपैस बसून होतो.

साताऱ्यात आमच्या आळीत घरटी एक तरी माणूस फौजेत होता. तारवाल्याची सायकल कोपऱ्यावर वाजली की बायका दारांत येऊन उभ्या राहत आणि ती आपलं दार ओलांडून जाते का ते बघत. आता अक्काही त्यांच्यात उभ्या राहायला लागल्या. सांगलीहून उलटसुलट बातम्या येत होत्या. माणसं आजारी पडताहेत, हे खरं होतं. कॉलेज बंद झालं, हेही खरं होतं. सरांचं पत्र नव्हतं. अक्का दिवसभर वाती वळत. इतक्या वाती की आमच्या देवाला त्या वर्षभर पुरल्या असत्या. मध्येच म्हणत, "बटणं खालीवर लावली असतील त्याने."

तार आलीच नाही. एका सकाळी रसूल चालत आमच्या दारात आला. डोक्यावर टोपी नव्हती. पाऊस-पाण्याचे दिवस नव्हते आणि त्याच्या हातात सरांची छत्री होती. अक्कांनी ती त्याच्याआधी पाहिली. त्या उठल्या नाहीत. हातातली वात पुरी वळून त्यांनी ताटलीत ठेवली आणि विचारलं, "गाठ कुठे आली होती?"

"काखंत," रसूल म्हणाला, आणि छत्री मांडीवर घेऊन खाली बसला.

आईने त्याला पाणी दिलं. मग तो सांगायला लागला.

"सर घरोघर गेले. दारात उभं राहून एकच सांगायचे, माझी चूक झाली, बाहेर चला. काही निघाले. काहींनी दार लावून घेतलं. आमच्या बा नं तर त्यांना सुनावलं. म्हणाला, परवा जा म्हणलासा, आज चला म्हणता? लग्नाची आवतनं गेलीत माझी. सर आमच्या ओट्यावर बसून राहिले. बा नं जेवाय बोलावलं, उठले न्हाईत. दुसऱ्या दिवशी बी तिथंच. तेवढ्यात समोरच्या शिंप्याच्या दत्तूला ताप भरला. मग बा भ्याला, म्हणाला, चला. पर आजी उठना. तिचं बाजलं पार आतल्या खोलीत, पानांच्या करंड्या, वली पोती, त्या अंधारात. ती म्हणं, मी माझ्या दारातनं हलणार न्हाई. सर आत गेले. तिच्या पायथ्याशी बसून तिला समजावत राहिले, किती वेळ गेला कळलं न्हाई. शेवटी म्हणाले, आई, तुमच्या नातीचं लगीन मी माळावर लावून देतो, वऱ्हाडी म्हणून मी येतो. तवा ती हसली. मग बाजल्याचं एक टोक सरांनी धरलं, एक मी. असं बाहेर काढलं तिला."

"घरची सगळी?" मी विचारलं.

"सगळी वाचली, ताई. आजीसुद्धा. माळावरच लगीन लागलं जैनबचं. सर न्हवते."

ताप आल्यावर सर कॉलेजकडे गेले नाहीत, आमच्याकडे कळवू दिलं नाही. "अक्काला कळलं तर ती येईल," एवढंच म्हणाले. आजाऱ्यांसाठी गावाबाहेर छपरं घातली होती, त्यात त्यांना नेलं. रसूल छपराच्या कुडाला पाठ लावून बाहेर बसे आणि आतून सर त्याच्याशी बोलत. आधी गणिताचं, मग जे सुचेल ते.

"शेवटच्या दिवशी शुद्धीवर होते," रसूल म्हणाला. "मला हाक मारली. म्हणाले, तांबोळी, बोळात कोण कोण गेलं? मी म्हणालो, सर, आपल्या बोळातली सा... तेवढ्यात म्हणाले, आकडा नको. नावं सांग. मी एक एक सांगितलं. मी सांगितलं की ते तसंच म्हणायचे. सावकाश. एखादं घरचं नाव मला म्हाईत नसंल तर म्हणायचे, विचारून ये. मी जाऊन विचारून यायचो. तोवर ते जागे राहायचे."

अक्का म्हणाल्या, "मला सांग ती नावं."

रसूलने माझ्याकडे बघितलं. मग भिंतीकडे बघत, हजेरी घ्यावी तसा तो सांगू लागला. यंकप्पा. त्याची बायको गंगव्वा. शिंप्याचा दत्तू. कासारीण सोनाबाई. तिची सून, लक्ष्मी, जिचं नाव विचारून आणावं लागलं होतं. मशिदीजवळचा हुसेन. त्याची लहान मुलगी, अमिना. प्रत्येक नावाला अक्का मान हलवत होत्या, ओळखीची माणसं असल्यासारख्या. बाहेर आळीत कुणाची तरी सायकल वाजली आणि पुढे निघून गेली.

"झाली?" अक्कांनी विचारलं.

"झाली."

"आता त्याचं घे."

रसूलला ते नाव घेता येईना. गुरूचं नाव घ्यायची कुणालाच सवय नव्हती. आम्ही दोघांनी ते कधी उच्चारलंही नव्हतं. आमच्यासाठी ते सर होते, अक्कांसाठी बापू. रसूल हात जोडून म्हणाला, "अक्का, मी कसं..."

"विष्णू," अक्का म्हणाल्या. "घे. इतरांची घेतलीस ना, मग त्याचंही घे."

छत्री त्याच्या मांडीवर आडवी पडलेली होती. तिच्यावर दोन्ही हात ठेवून, खाली मान घालून रसूल म्हणाला, "विष्णू."

अक्कांनी मान हलवली, आणि ताटलीतून दुसरा कापूस उचलला.